‘सर्व्हर डाऊन’ होण्याआधी बैठकीत काय घडते?

मा. संपादक यांस,

सविनय नमस्कार.

भरती परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस, शिष्यवृत्तीची मुदत, महाविद्यालयीन प्रवेशाची फेरी किंवा पीकविम्याची अंतिम तारीख जवळ आली की वृत्तपत्रांत ‘सर्व्हर डाऊन’ अशा मथळ्याची बातमी येते, दुसऱ्या दिवशी मुदतवाढीची बातमी येते आणि तिसऱ्या दिवशी विषय मिटतो. प्रोग्रामर म्हणून नोकरीला सुरुवात करून पुढे हिंजवडी आणि खराडी येथील कंपन्यांत प्रकल्प व्यवस्थापक म्हणून आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला या बातम्या वाचताना सतत वाटत आले आहे की, बिचाऱ्या सर्व्हरवर विनाकारण खापर फोडले जात आहे. तो पडतो हे खरे, पण त्याचे पडणे बहुधा कित्येक महिने आधी, एखाद्या वातानुकूलित खोलीतल्या बैठकीत निश्चित झालेले असते. त्या बैठकीविषयी आमच्या व्यवसायातील लोक चहाच्या टपरीवर मोकळेपणाने बोलतात, जाहीरपणे मात्र बोलत नाहीत. म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात गूढ असे काही नाही. समजा, एका परीक्षेला दहा लाख उमेदवार बसणार आहेत आणि अर्ज भरण्यासाठी तीस दिवस आहेत. सरासरी काढली तर तासाला चौदाशेच्या आसपास अर्ज येतात आणि एवढा भार कोणतीही साधी यंत्रणा पेलू शकते. परंतु आपण भारतीय सरासरीने वागत नाही. त्यांतील तीन लाख जण शेवटच्या संध्याकाळी सहा ते मध्यरात्र या वेळात आले, तर तोच आकडा तासाला पन्नास हजार, म्हणजे सरासरीच्या सुमारे छत्तीसपट होतो. त्यातही पान उघडले नाही की प्रत्येक जण ते पुन्हा पुन्हा उघडू पाहतो, त्यामुळे अपयशी ठरलेली प्रत्येक विनंती आणखी दोन-तीन विनंत्या घेऊन परत येते. यंत्रे वाढवून थोडा दिलासा मिळतो, पण सगळ्यांच्या नोंदी शेवटी ज्या एका डेटाबेसमध्ये जातात तिथे रांग लागलेली असेल, किंवा ओटीपी पाठवणारी आणि शुल्क स्वीकारणारी बाहेरची सेवाच धापा टाकत असेल, तर दारे कितीही वाढवली तरी आतला जिना एकच राहतो. ही गर्दी अनपेक्षित असते, असे मात्र कोणी म्हणू नये. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणासाठी सकाळी दहाला आणि अकराला काय होते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. अपेक्षित भाराच्या काही पट कृत्रिम भार आधीच टाकून पाहण्याची साधने फुकट उपलब्ध आहेत आणि ती वापरणारी माणसेही पुण्यात पुष्कळ आहेत. मग ती चाचणी होत का नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर संगणकात सापडत नाही.

माझ्या अनुभवात त्याचे पहिले कारण असे की, तारीख आधी ठरते आणि कामाचा अंदाज नंतर मागितला जातो. कोणत्या सणाला, कोणत्या अधिवेशनापूर्वी किंवा ग्राहकाच्या कोणत्या आर्थिक तिमाहीत प्रणाली सुरू व्हायची हे वरिष्ठ पातळीवर ठरून गेलेले असते. त्यानंतर ज्यांनी ते काम करायचे आहे त्यांना बोलावून ‘किती दिवस लागतील?’ असे विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असते आणि उत्तर देणाऱ्याला ते माहीत असते. नऊ महिन्यांचे काम पाच महिन्यांत ‘बसवले’ जाते. हे बसवणे म्हणजे वेळापत्रकातील कोणत्या तरी रेघा आखूड करणे, आणि त्यात सर्वांत आधी आखूड होते ती चाचणीची रेघ, कारण ती सर्वांत शेवटी असते.

महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. जून २०१७ मध्ये ३४,०२२ कोटी रुपयांच्या शेतकरी कर्जमाफीची घोषणा झाली, अर्ज ऑनलाइन मागवण्यात आले आणि दिवाळीपूर्वी लाभ देण्याचे जाहीर झाले. त्यानुसार १८ ऑक्टोबरला समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर शेतकऱ्यांनी भरलेली आणि बँकांकडून आलेली माहिती जुळत नसल्याचे, एकच आधार क्रमांक अनेक खात्यांना लागल्याचे उघड झाले आणि याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. राष्ट्रीयीकृत बँका, जिल्हा बँका आणि गावोगावच्या विकास सोसायट्या यांच्याकडील वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र आणून जुळवणे हे काम किती किचकट असते हे ज्यांनी केले आहे त्यांना विचारावे: नावांची स्पेलिंगे वेगळी, वडिलांचे नाव कुठे आहे तर कुठे नाही, गट क्रमांक जुने, एका कुटुंबाची खाती तीन ठिकाणी. आमच्या व्यवसायात कोड लिहिण्यापेक्षा जुनी माहिती साफ करण्यात अधिक वेळ जातो आणि अंदाजपत्रकात नेमका त्याचाच रकाना नसतो. दिवाळीची तारीख कोणी, कोणाला विचारून ठरवली हा राजकीय प्रश्न झाला. प्रस्तुत पत्रापुरते एवढेच म्हणतो की, माहितीच्या सफाईला लागणारा वेळ घोषणेमुळे कमी होत नाही.

केंद्राच्या पातळीवर प्राप्तिकराच्या नव्या पोर्टलचीही गत आठवावी. ७ जून २०२१ रोजी ते सुरू झाले, पहिल्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या आणि ऑगस्टमध्ये खुद्द अर्थमंत्र्यांना कंत्राटदार कंपनीच्या प्रमुखाला बोलावून १५ सप्टेंबरची मुदत द्यावी लागली. विवरणपत्राची मुदत त्या वर्षी अखेर ३१ डिसेंबरपर्यंत गेली. त्यात करोनाचा वाटा होता, तसा पोर्टलचाही होता. मला त्यात खटकलेली गोष्ट वेगळी होती. जुने पोर्टल बंद करून नवे एकाच दिवशी सर्वांसाठी खुले करण्यात आले. काही महिने दोन्ही समांतर चालवणे, आधी थोड्या करदात्यांना नव्यावर आणून मग संख्या वाढवत नेणे, हा आमच्या धंद्यातील जुना शिरस्ता आहे. तो पाळायला वेळ आणि पैसा लागतो, आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात तो दिसत नाही.

काम मागे पडले की वरून येणारा ठरलेला उपाय म्हणजे ‘आणखी माणसे देतो’. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे काम सांभाळले होते आणि त्या अनुभवातून त्यांनी १९७५ साली सांगून ठेवले की, रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी रखडतो. याचे गणित सरळ आहे. पाच जणांच्या चमूत एकमेकांशी बोलण्याच्या दहा जोड्या होतात, दहा जणांत पंचेचाळीस आणि वीस जणांत एकशे नव्वद. नव्याला शिकवणार जुनाच, म्हणजे ज्याच्यावर काम अडले आहे त्याचाच वेळ जाणार. हे सत्य पन्नास वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध असून आमच्याकडे दर प्रकल्पात नव्याने शोधले जाते. याला एक व्यावहारिक कारणही आहे, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडील सेवा कंपन्यांची बरीच कमाई माणसे आणि तास मोजून होते. जिथे डोकी मोजून बिल निघते तिथे ‘कमी माणसांत नीट होईल’ हे वाक्य उच्चारणारा व्यवस्थापक फार लोकप्रिय होत नाही.

माणसे वाढवून भागले नाही की तास वाढतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे मत मांडले आणि त्यावर आपल्याकडे भरपूर शाई सांडली. मूर्तींच्या कर्तृत्वाविषयी आदर बाळगूनही सांगतो की, प्रोग्रामिंगमध्ये रात्री एक वाजता लिहिलेल्या ओळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निस्तरत बसावे लागते आणि ते निस्तरणेही ‘काम’ म्हणून तासांत मोजले जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तारीख चुकीची ठरली, माणसे कमी पडली, चाचणी आखडली, तरीही प्रकल्प वाचू शकतो, जर ही वस्तुस्थिती निर्णय घेणाऱ्याच्या कानावर वेळेत गेली तर. ती जात नाही. आमच्याकडे प्रकल्पाची प्रकृती दर आठवड्याला हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात कळवण्याची पद्धत आहे. प्रत्यक्ष काम करणारी मुलगी म्हणते ‘लाल’, तिचा टीम लीड विचार करून ‘पिवळा, पण सुधारतो आहे’ असे लिहितो, व्यवस्थापक उपाध्यक्षांपुढे ‘हिरवा, काही जोखमींसह’ म्हणतो आणि ग्राहकापुढच्या सादरीकरणात जोखमी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत जातात. वरून हिरव्या आणि आतून लाल अशा प्रकल्पाला आमच्यात कलिंगड म्हणतात. या साखळीत कोणीही धडधडीत खोटे बोललेला नसतो, हे विशेष. प्रत्येकाने एकेक छटा सौम्य केलेली असते, इतकेच.

एका परदेशी विमा कंपनीच्या कामात हे मी जवळून पाहिले. मागील तारखेपासून लागू होणाऱ्या पॉलिसींचा हप्ता काही बाबतींत चुकीचा निघतो, हे नुकतीच रुजू झालेल्या एका परीक्षक मुलीच्या ध्यानात आले. तिने ते ईमेलने कळवले, तेव्हा तिला बाजूला घेऊन सांगण्यात आले की, असे मुद्दे लेखी मांडण्यापूर्वी तोंडी बोलत जा. पुढे ती तोंडीच बोलत राहिली आणि तोंडी बोललेले कोणत्याही यादीत आले नाही. प्रणाली सुरू झाल्यावर तीच चूक ग्राहकाने शोधली. मग मोठी बैठक, तातडीची ‘वॉर रूम’, तीन रात्री जागरण आणि वर्षअखेरीस त्या जागरणाबद्दल काहींना प्रशस्तिपत्र. ते घेणाऱ्यांत ती मुलगी नव्हती. तिचे वार्षिक मूल्यमापन ‘संवादकौशल्य सुधारावे’ अशा शेऱ्यावर संपले. आमच्या कार्यालयांत अमेरिकी रिवाजानुसार लहानथोर सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण साहेबांनी जाहीर केलेली तारीख चुकीची आहे असे चारचौघांत सांगण्याची मुभा त्या हाकेबरोबर आलेली नाही.

हा दोष केवळ आपला आहे असे समजण्याचे मात्र कारण नाही. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने जुलै २०१२ च्या अखेरीस आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा प्रोग्राम चढवला आणि आठवा राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडताच त्या आठव्यावर वर्षानुवर्षे न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीचे चव्वेचाळीस कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. भांडवली बाजार नियामकाच्या आदेशात एक तपशील आहे, जो मी नव्या व्यवस्थापकांना आवर्जून सांगत असे: बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने त्या जुन्या कोडचा उल्लेख असलेले सत्त्याण्णव ईमेल कर्मचाऱ्यांना आपोआप पाठवले होते. ते इशारा म्हणून वाचण्याची पद्धतच नव्हती, म्हणून कोणी त्यांची दखल घेतली नाही.

ब्रिटनच्या टपाल खात्याचे प्रकरण त्याहून भयंकर आहे. ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणक प्रणाली तिथल्या टपाल शाखांत १९९९ पासून बसवली गेली. शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली, शाखाचालक ‘आम्ही पैसे घेतलेले नाहीत, यंत्र चुकते आहे’ असे सांगत राहिले आणि चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे आरोप होऊन नऊशेहून अधिक जण दोषी ठरवले गेले. तिथल्या न्यायालयांत, उलट पुरावा येईपर्यंत, संगणक नीट चालतो असेच गृहीत धरले जाई. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचे मान्य केले, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एका निकालात एकोणचाळीस जणांची शिक्षा रद्द केली आणि २०२४ मध्ये सरसकट निर्दोष ठरवण्यासाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. तोवर कित्येकांची घरे गेली होती, काही जण तुरुंगात जाऊन आले होते, काही हयातही नव्हते. सॉफ्टवेअरमध्ये दोष असतातच. तिथे दोषाची बातमी ज्यांच्या हाती होती त्यांनी ती बाहेर येऊ दिली नाही. आपल्याकडे शिधापत्रिकेपासून सातबाऱ्यापर्यंत सारे संगणकावर येत असताना, ‘सिस्टीममध्ये असेच दिसते आहे’ हे खिडकीवरचे वाक्य ऐकले की मला हे प्रकरण आठवते.

याच्या उलट कसे वागता येते, याचीही उदाहरणे आहेत. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे नवे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. एरियन-४ साठी लिहिलेला दिशादर्शनाचा कोड जसाच्या तसा उचलला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्याने एक मोठी संख्या सोळा बिटांच्या जागेत मावली नाही आणि मुख्य व पर्यायी अशा दोन्ही यंत्रणा एकाच चुकीने बंद पडल्या. गंमत अशी की, ती आकडेमोड उड्डाणानंतर कामाचीही नव्हती. नव्या रॉकेटच्या प्रत्यक्ष मार्गाची माहिती वापरून या कोडची चाचणी जमिनीवरच झाली असती, तर चूक सापडली असती. परंतु अवघ्या दीड महिन्यात चौकशी मंडळाचा सविस्तर अहवाल जगासमोर ठेवला गेला, त्यात कोणा एका अभियंत्याला बळीचा बकरा न करता कोणत्या गृहीतकावर, कोणत्या टप्प्यावर, कोणती चाचणी वगळली गेली हे मांडले गेले, आणि आजही जगभरचे विद्यार्थी तो वाचतात. आपल्याकडील एखादे पोर्टल कोसळल्यानंतरचा असा अहवाल कोणा वाचकाने पाहिला असल्यास मला तो वाचायला आवडेल.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या अवकाश संस्थेचे. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान नष्ट झाल्यानंतरच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या टिपणात दाखवून दिले की, अपघाताची शक्यता अभियंते शंभरात एक मानत होते आणि व्यवस्थापन लाखात एक. त्याच टिपणात त्यांनी यानाच्या सॉफ्टवेअर विभागाची मात्र प्रशंसा केली, कारण तिथे तपासणी करणारा गट लिहिणाऱ्या गटापासून स्वतंत्र होता आणि चुका शोधणे हेच त्याचे काम होते. व्यवस्थापनाकडून या खर्चिक चाचण्या कमी करण्याच्या सूचना येत असल्याचीही नोंद त्यांनी तिथेच केली आहे. जे उत्तम चालले आहे त्याच्यावरच काटकसरीची पहिली नजर जाते, हे पाहून मला अजिबात आश्चर्य वाटले नाही.

शासकीय कामांपुरते बोलायचे तर निविदेची पद्धत या साऱ्यात भर घालते. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते, तो दर परवडण्यासाठी अनुभवी माणसे काढून नवशिकी बसवली जातात, स्वतंत्र चाचणीचा खर्च वगळला जातो आणि जोखमी कळवण्याची जबाबदारी ज्याचे बिल मंजूर व्हायचे आहे त्याच्यावरच राहते. गुणवत्तेला काही गुण देऊन निवड करण्याची तरतूद आज नियमांत आहे. तिचा वापर करण्यात अधिकाऱ्यांना लेखापरीक्षणाची भीती वाटते. ती भीती खरी आहे आणि तिची टिंगल करून उपयोग नाही. मात्र स्वतंत्र चाचणीसाठी वेगळी, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीशी संबंध नसलेली संस्था नेमण्याला आणि तिचा अहवाल थेट विभागाच्या सचिवांकडे पाठवण्याला कोणताही लेखापरीक्षक आक्षेप घेईल, असे मला वाटत नाही.

सरकारी संकेतस्थळांना सुरक्षिततेची तपासणी करून घेऊन तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याच धर्तीवर लाखो नागरिकांना ज्यावर अर्ज करावा लागणार आहे अशा प्रत्येक पोर्टलचा भारचाचणीचा अहवाल, म्हणजे एका वेळी किती लोक, किती वेळात, किती अपयश एवढे एक पान, सुरू होण्यापूर्वी जाहीर करावे. एकाच दिवशी राज्यभर खुले करण्याऐवजी आधी एक-दोन जिल्ह्यांत चालवून पाहावे. अर्जाची अंतिम वेळ उमेदवारांच्या गटांनुसार वेगवेगळ्या दिवशी ठेवावी. याला एक पैसाही लागत नाही. आणि बंद पडल्यास तीस दिवसांत कारणांचा अहवाल त्याच संकेतस्थळावर टाकावा.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. यापुढे ‘सर्व्हर डाऊन’ची बातमी देताना संबंधित अधिकाऱ्यांना सर्व्हर कधी सुरू होणार एवढेच न विचारता, भारचाचणी कोणत्या तारखेला झाली, ती कोणी केली, तिच्यात काय आढळले आणि ते कोणाला लेखी कळवले गेले, हेही विचारावे आणि मिळालेले किंवा न मिळालेले उत्तर बातमीत छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रकल्प व्यवस्थापक, पुणे